डाव्या चाकाचा वास

४ ऑगस्ट, सोमवार
गाडी ओढत नाही. हिंजवडीच्या चढाला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी रडत रडत चढली. पोरींना ऑफिसात सोडल्यावर सगळ्या चाकांना हात लावून पाहिला. तीन कोमट. डावं पुढचं तव्यासारखं, बोट भाजलं. कारभाऱ्यांना सांगितलं नाही. म्हणाले असते, “बाईच्या पायात बरेक जड असतोय.” माझा पाय हलका आहे. इतकी वर्षं चालवते, गाडीला साधा ओरखडा नाही.

आणखी एक. महाळुंग्याच्या टॉवरमधून जिला घेते ती ऋतुजा, अकोल्याची, उतरताना म्हणाली, “ताई, जळका वास येतोय. आणि… बकरीसारखा पण.” बाकीच्या दोघी मोबाइलमध्ये बघायला लागल्या. मी हसले. हसू कसलं.

आम्ही धनगर. दारात शेरडं आहेत, असणारच. पण मी ड्युटीचा शर्ट पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवते. अंघोळ करूनच गाडीला हात लावते. मग ही कुणाला म्हणाली?

५ ऑगस्ट
गाडीत चाफ्याच्या वासाची बाटली लावली. ऋ.शी बोलले नाही. ‘गुड मॉर्निंग ताई’ला नुसती मान.
चाक परत तापलं.

६ ऑगस्ट
सुपरवायझर मोऱ्यांचा फोन. “मॅडम, रायडरची कंप्लेंट आहे. जळका वास म्हणजे सेफ्टीचा विषय. गाडी नीट करून आणा, मी स्वतः बघणार. तोपर्यंत रूट दुसऱ्या ड्रायव्हरला दिलाय.”

दिला पण! हा रूट मला कुणी ताटात वाढला नव्हता. बायकांची सकाळची गाडी बाईनं का चालवू नये, असं याच मोऱ्यांना तोंडावर विचारून घेतला होता. वस्तीवर स्वतःची गाडी असलेली मी एकटी. आता सकाळी गाडी दारात बघून लोक विचारतील, आणि जे विचारणार नाहीत ते जास्त बोलतील.

७ ऑगस्ट
हिंजवडीच्या गॅरेजवाल्या मुन्नाकडे. त्यानं ब्रेकचे पॅड बदलले. “पुराना घिस गया था, भाभी. अब मक्खन चलेगी.”
घरी येताना कासारसाईला पोचेपर्यंत मक्खन वितळलं. चाक पुन्हा तेच.

९ ऑगस्ट, शनिवार
मुन्ना आता म्हणतो कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारे चिमटे, अख्खे बदला, दोन्हीकडचे, आणि डिस्क पण. म्हटलं, आधी मी बघते. “आप?” म्हणाला. व्हय, आप.
कंपन्यांच्या पार्किंगमध्ये तासन् तास बसून बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळतात. मी मोबाइलवर गाड्या उघडून दुरुस्त करायचे व्हिडिओ बघते. ते बघणं कधी कामाला येणार?

१० ऑगस्ट, रविवार
उघडलं!!

क्रमानं लिहून ठेवते, कारण आज मी मलाच आवडले. जॅक लावला, मागच्या चाकांना दगड. डावं पुढचं हातानं फिरवलं तर जागचं हलेना. पहिला प्रश्न, ऑइलचा दाब आत अडकलाय का? हवा काढायचा नट ढिला केला. चूळभर ऑइल आलं, पण चाक जामच. म्हणजे दाब नाही, पाइप नाही. धरलंय ते लोखंडानंच.

चाक काढलं, कॅलिपर सोडला. पाइपवर लटकू द्यायचा नसतो, म्हणून कुंपणाच्या तारेनं वर बांधला. कारभारी म्हणाले, “आगं, करडाला झोळीत घाटल्यागत बांदलंस की.” पिस्टन दाबला, गुपचूप आत गेला. चांगला आहे बिचारा. मग ज्या दोन पिनांवर कॅलिपर मागंपुढं सरकतो त्या पाहिल्या. वरची सरकते. खालची ठार. तिच्या रबराची टोपी फाटलेली, आत नुसता गंज. एवढीशी पिन अडली म्हणून ब्रेक एकदा धरला की सोडायचंच विसरत होता.

पाना, हातोडी, थोडं रॉकेल, पुष्कळ शिव्या. निघाली. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली. कारभाऱ्यांनी चारा कापायच्या कुट्टी मशीनचं ग्रीस आणून दिलं. फाटकी टोपी होती तशीच चढवली, दोन्ही पिनांना ग्रीस सढळ हातानं लावलं.
चाक एका बोटानं फिरलं. एका बोटानं! शेजारच्या जाऊबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “फिरतंय की.” त्यांना काय कळणार.

१५ ऑगस्ट
सकाळी झेंड्याला गाडी घेऊन गेले. येताना परत तापली. रडूच आलं.

१६ ऑगस्ट
परत उघडलं. दोन्ही पिनांची रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टच्च फुगलेली. पिना आतच आवळल्या गेल्या. पिना-रबरं तशीच गुंडाळून मुन्नाकडं नेली.
त्यानं ग्रीस बोटावर घेतलं, वास घेतला. “भाभी, ये कौन सी मशीन का है? ये रबर को फुला देता है. इसका अलग आता है.” हसला नाही, हे त्याचं चांगलं. उलट म्हणाला, पिन पकडली ते बरोबर पकडलं, त्यानं पॅडच्या पुढं बघितलंच नव्हतं. नव्या पिना, नवी रबरं, योग्य ग्रीसची पुडी घेऊन आले.
घरी कारभाऱ्यांनी ग्रीसचा डबा मुकाट्यानं कुट्टी मशीनमागं सरकवला.

१७ ऑगस्ट, रविवार
आज कळलं. लिहिताना पण हसते आहे.

नवीन पिना बसवायच्या आधी मनात आलं, उजवं चाक पण त्याच वयाचं, मग ते का नाही अडलं? डावं चाक तात्पुरतं चढवलं, उजवं उघडून पाहिलं. रबरं धड, पिना लखलखीत, ग्रीस अजून ओलं. एकच गाडी, एकच पाऊस, एकच चिखल. मग डाव्यानंच काय पाप केलंय?

चहा घेऊन शेडच्या तोंडाशी बसले. गाडी शेडमध्ये उजव्या अंगाला, शेरडं डाव्या. मधल्या खांबाला कारभाऱ्यांचा लाडका बोकड, पैलवान. पैलवान उठला, गाडीपाशी आला, डाव्या पुढच्या चाकाला अंग घासलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत निवांत धार सोडली. थेट चाकाच्या जाळीतून आत.

जुनी पिन उचलून नाकाशी धरली. पैलवान!

रोज मुरत होतं. खारानं गंज धरला, पिन अडली, डिस्क तापली, आणि तापलेल्या डिस्कवर भाजून तो वास गाडीत. ऋ. खरं बोलत होती. माझा वास नव्हता तो. माझ्या गाडीचा होता, चाकाचा होता. मी तिला इतके दिवस तोंड वाकडं करून दाखवलं. बिचारीला वाटत असेल, बाई आहे की बाभळ.

कारभाऱ्यांना सांगितलं, पैलवानाला दुसरीकडं बांधा.
“कुटं? पावसात?”
“मग गाडी कुटं लावू?”
“शेड शेरडांसाठी घाटलीया.”
“घर कशावर चालतंय?”
“आन गाडी कशावर आली? शेरडं इकूनच न्हवं? इसरलीस?”
विसरले नाही. म्हणून तर गाडी बाहेर अंगणात काढली.

पिना मात्र झकास बसल्या. अंगठ्यानं ढकललं की सरकतात.

२१ ऑगस्ट
रोज रिकामी फिरवते आहे. आज कारभाऱ्यांना शेजारी बसवून कासारसाईच्या धरणाच्या रस्त्याला नेली. उतारावर थांबवली, गिअर काढला, पाय ब्रेकवरून उचलला.
निघाली. आपली आपण.
“पाय न्हाई लावला?”
“न्हाई.”
“लई गुळगुळीत हाय गं.”
खाली उतरून त्यांनी स्वतः डाव्या चाकाला तळहात लावला, मग उजव्याला, मग परत डाव्याला. आजारी करडाचा कान बघतात तसा. “दोनी सारखीच,” म्हणाले. बस, एवढंच. पण घरी गेल्यावर भावाला फोन करून पुरी हकिकत सांगत होते, आणि त्यात ‘आमी’ बराच होता. असू दे. मी दारात उभी राहून ऐकली. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला लिहू.

२२ ऑगस्ट
मोऱ्यांची तपासणी. त्यांनी फेरी मारली, वास घेतला, चाकांना हात लावला. “कुठून केलंत?” म्हटलं, घरी. “म्हणजे कोणी?” म्हटलं, मीच. पिनेची गोष्ट सांगितली, पैलवानाची नाही सांगितली.
“गाडी ओके आहे, मॅडम. पण रूट आता त्याच्याकडे सेट झालाय. काढायला मला कारण लागेल. बघतो, कळवतो.”
गाडी बिघडली तेव्हा ‘बघतो’ म्हणाले नव्हते.

पार्किंगमधून निघताना पत्त्यांच्या डावातला एकजण उठून आला. “ताई, माझं बी मागलं चाक तापतंय. बघता का जरा?” शर्ट पेटीतला, कडक इस्त्रीचा. तशीच खाली बसले. बाकीच्यांनी पत्ते खाली ठेवले.

२४ ऑगस्ट, रविवार
मोऱ्यांचा फोन नाही. पैलवान शेडमध्येच. कारभारी सकाळपासून बांबू तासत बसलेत. मधूनच एक बांबू गाडीच्या अंगाला लावून माप घेतात.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन. “ताई, उद्या तुम्ही येणार ना? हे दादा फोनवर बोलत चालवतात. मी कंप्लेंट तुम्हाला काढायला नव्हती हो केली.”
“माहीत आहे. वास खरा होता.”
“कसला होता?”
“बोकडाचा.”
पलीकडून अशी खिदळली की मलाही आवरेना. हसता हसताच तिनं परत विचारलं, “मग येणार ना?”
म्हटलं, अजून कळवलं नाही गं त्यांनी.
फोन ठेवला. बाहेर जाऊन गाडी वळवली, तोंड रस्त्याकडे करून लावली.