हाकेला ओ

रविवार, ३ जून १९८४

कुत्र्यावर लिहिलं. शेवटी! महिनाभर डोकं खाजवत होते आणि धडा तर समोर फाटकाशी शेपूट आवळून बसलेला.

चर्चच्या मासिक पत्रकात माझी अर्ध्या पानाची जागा आहे — ‘मुके गुरू’. अकरा वर्षं लिहितेय. मुंग्यांकडून उद्योग, बिळात राहणाऱ्या वोम्बॅटकडून नम्रता, कोंबडीच्या पंखांखालून देवाची माया. क्लाइव्ह म्हणायचा, “मर्ल, तुला मुंगी चावली तरी तू आधी आमेन म्हणशील आणि मग पाय झाडशील.” त्याला धर्माचं काही म्हणजे काही नव्हतं.

उपासनेनंतर पिअर्स पाळकांनी लेख मोठ्याने वाचून दाखवला. धनी निघून गेला तरी दोन वर्षं वाट पाहणारा जिप, आणि प्रभूची वाट पाहणारे आपण. पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले. सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या — नवरा बॅग उचलून रस्त्याने चालता झाला, तरी बाई बघा कशी श्रद्धेने उभी आहे! मी मान खाली घातली. ती तशी घालायची आता सवय झाली आहे.

जिप रस्त्याकडच्या फाटकाशी बसत नाही. मागच्या, दरीकडच्या फाटकाशी बसतो. लेखात नुसतं ‘फाटक’ लिहिलं. वाचणाऱ्याला काय फरक पडतो!

मंगळवार, ५ जून

पर्लचं वासरू विकलं. गाय हंबरते आहे.

गुरुवार, ७ जून

तिसरा दिवस. अजून हंबरते. आईच्या मायेवर छान लेख होईल म्हणून बसले, दोन ओळींवर अडलं. खिडक्या लावून घेतल्या.

शनिवार, ९ जून

नकल्या परत आला!

दोन वर्षं फिरकला नव्हता. आज सकाळी भोपळ्याच्या वेलाखाली माती उकरत होता, पायांनी फरफर, लांब शेपूट मागे ओढत. हे नाव क्लाइव्हनेच ठेवलेलं. लायरबर्ड जातीचे पक्षी सगळ्यांचीच नक्कल करतात — काकाकुवा, कुकाबुरा, शेजारच्या डेसची करवत — पण आमचा हा पठ्ठ्या जिपला बोलवायची क्लाइव्हची शीळसुद्धा वाजवायचा. दोन छोटे सूर, एक लांब. क्लाइव्ह पोट धरून हसायचा.

आज ती शीळ वाजवली. मी अंडी गोळा करत होते. जिप तीरासारखा उठला, आख्ख्या परसाला फेरी मारली आणि पक्ष्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. भुंकला नाही. शेपूट हलवत होता.

तीन अंडी फुटली.

रविवार, १० जून

नकल्यावर लिहिलं. आपणही येशूची अशीच नक्कल करावी, इतकी की त्याच्या ओळखीच्यांनी आपला आवाज ऐकून धावत यावं. पाळक म्हणाले, “मिसेस हॅकेट, तुम्हाला देवाने डोळे दिलेत!”

मला कानांचं विचारा.

गुरुवार, १४ जून

धुकं. दहा वाजले तरी गोठा दिसेना. धुणं वाळत घालायला ओसरीवर गेले आणि दरीतून कू-ई आली.

एकदा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

इकडे लहान पोरालाही नियम ठाऊक असतो — रानातून कू-ई ऐकली की ओ द्यायची. दुश्मन असला तरी द्यायची. आणि ओळीने तीनदा आली तर मदत हवी आहे, हातातलं टाकून निघायचं. माझ्या वडिलांनी मला चालायच्या आधी हे शिकवलं असेल.

नकल्याच तो. मला काय कळत नाही? पण सूर क्लाइव्हचा. शेवटचा ‘ई’ तो जरा फाटका सोडायचा, तसाच!

मी ओ दिली नाही. पक्ष्याला कोण ओ देतं?

जिप दरीत गेला तो दुपारी वर आला. पोटापर्यंत चिखल.

शुक्रवार, १५ जून

आजही. तीनदा.

रविवार, १७ जून

प्रवचन हरवलेल्या मेंढराचं. नव्याण्णव सोडून एकासाठी रानात जाणारा मेंढपाळ. दर वर्षी तेच असतं, कधी काही वाटलं नाही. आज मध्येच उठून बाहेर आले. खोकल्याचं निमित्त केलं. बायका म्हणाल्या, बिचारी!

बुधवार, २० जून

रोवेनाचं पत्र. तिसाला येते, चार दिवस राहते म्हणे. दोन वर्षांत लेक पहिल्यांदा घरी येणार. आनंद व्हायला हवा होता.

खाली लिहिलंय — “आई, खरं सांगू? पोस्टमन आला की अजून मी खिडकीशी जाते. तुझ्यावर बाबा रागावले असतील, ते एक समजू शकते. पण मी काय केलं होतं? वाढदिवसाला एक ओळसुद्धा नाही. चौतीस वर्षांची घोडी झाले, आणि बापाने टाकलं म्हणून अजून रडते, हसशील तू.”

हसले नाही.

शुक्रवार, २२ जून

आज नकल्याने पुढचं वाजवलं.

कू-ई, कू-ई, कू-ई. मग थोडी शांतता. मग — आमच्या जाळीच्या दाराची करकर, आणि धप्प.

मी धुण्याच्या दोरीशी उभी होते. वळून पाहिलं. दार बंदच होतं. जवळ जाऊन उघडलं, लावलं. काही आवाज नाही. त्या बिजागरीला दोन वर्षांपूर्वीच तेल घातलंय मी. दार आता वाजतच नाही. पण तो पक्षी जुनंच दार वाजवतो आहे!

चुलीपाशी बसून लिहितेय.

रविवार, २४ जून

चर्चला गेले नाही. जुनी कात्रणं काढली. १९७९ — बायबलातल्या बलामाच्या गाढवीवर. ‘माणूस ऐकायचं टाकतो तेव्हा देव जनावराला बोलायला लावतो.’ फार वाहवा झाली होती त्याची. कोणी लिहिलं हे? मी?

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.

क्लाइव्हला शेत विकून रोवेनाजवळ राहायला जायचं होतं. मी म्हटलं, माझं प्रेत जाईल इथून. म्हटलं, जायचं तर जा एकटा! तो म्हणाला, जातोच. बॅग भरली. तपकिरी. ती स्वयंपाकघरात ठेवली आणि म्हणाला, खाली ओढ्यात कालवड अडकली आहे, तेवढी काढून येतो, मग जातो. असा होता. घर सोडून जाताना आधी जनावराचं काम!

अर्ध्या तासाने कू-ई आली. तीनदा. मी ओसरीवर होते, हातात ताटं पुसायचं फडकं. मला वाटलं, आता लागली का माझी गरज? ओरड म्हणावं! आत गेले आणि दार लावलं. करकर, धप्प.

संध्याकाळी कालवड आपली आपण वर आली, चिखलाने माखलेली. क्लाइव्ह आला नाही.

कॉन्स्टेबल आला तेव्हा मी म्हटलं, ते बॅग घेऊन रस्त्याने गेले. मग कोणी दरीत कशाला उतरेल? बॅग गोठ्याच्या माळ्यावर आहे, गवताच्या मागे.

एकदाच ऐकलं. एकदाच, आणि रागात. शिष्य पेत्राने तर येशूला तीनदा नाकारलं, तरी प्रभूने त्याला जवळ केलं.

मंगळवार, २६ जून

डेस मलकाही लाकडं घेऊन आला. चहा दिला आणि म्हटलं, “डेस, तो पक्षी मारून टाक.”

“लायरबर्ड? अगं बाई, तुरुंगात जायचंय का मला! आणि पत्रकात काय छापशील — मुक्या गुरूला घातली गोळी?” असा हसला की चहा बशीत सांडला. “असू दे ग. करमणूक आहे फुकटची. माझी करवत शिकायला त्याला आख्खा हिवाळा लागला, माहितीये? एकदा ऐकून नाही जमत त्यांना. पुन्हा पुन्हा कानावर पडावं लागतं.”

आणि नेमकी तेव्हाच दरीतून कू-ई आली.

डेसने कप खाली ठेवला. “क्लाइव्हचा सूर आहे हा.”

“तो अशी हाक नेहमीच मारायचा.”

“तीन-तीनदा?”

मी चहाबरोबरच्या स्कोनची ताटली पुढे सरकवली. त्याने घेतला नाही. जाताना टोपी हातातच होती, आणि बराच वेळ मागच्या फाटकाशी जिपजवळ उभा राहिला.

गुरुवार, २८ जून

परवा रोवेना येते.

सशांसाठीची बंदूक काढली. नकल्या वेलाखाली, वीस पावलांवर. भरल्या सकाळी, लख्ख उजेडात. नेम धरला. त्याने शेपूट उचलून डोक्यावरून पुढे घेतली, पांढऱ्या पडद्यासारखी. सगळा झाकला गेला. आणि त्या पडद्यामागून खोकला आला. दोनदा. क्लाइव्ह बूट झाडून घरात यायच्या आधी खोकायचा, तसा.

मी म्हणाले, “ये.”

तोंडातून निघूनच गेलं! मग मातीत बसले आणि गुरासारखी रडले. बंदूक ओली झाली.

शनिवार, ३० जून

रोवेना आली. वाळली आहे. कोकराचं मांस भाजलं, भोपळा केला, बापासारखी दोनदा मागून जेवली. देवा, उद्या पाऊस पाड. मुसळधार! पक्षी पावसात गात नाहीत.

रविवार, १ जुलै

ऊन पडलं.

आम्ही दोघी ओसरीवर चहा घेत होतो. पहिल्या कू-ईला तिचा कप हातातच थांबला. दुसऱ्या कू-ईला ती उभी राहिली. तिसरीला दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिने ओ दिली — “कू-ई! बाबा!” — लहानपणी द्यायची तशी, छाती फुटेपर्यंत.

सगळं रान गप्प झालं. जिपसुद्धा.

मग नकल्याने ते दुसरं वाजवलं. करकर. धप्प.

रोवेना हळूहळू वळली. दाराकडे गेली. उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

“हे आपलं दार आहे, आई. पण आता वाजत नाही.”

“तेल घातलं.”

“कधी?”

“जुलैत.”

“कुठल्या जुलैत?”

सांगितलं. भांडण, कालवड, बॅग, फडकं. सगळं. ती खांबाला टेकून ऐकत होती.

“म्हणजे मला टाकून गेले नव्हते ते,” ती म्हणाली. मग, “एकदाच ऐकलंस?”

“एकदाच.”

तिने आत जाऊन डेसला फोन केला.

मंगळवार, ३ जुलै

सापडला.

ओढ्याच्या पलीकडे, नेच्यांच्या गर्दीत. निलगिरीची मोठी फांदी पायावर पडलेली. ओसरीपासून सहाशे पावलं, डेसने मोजली. कॉन्स्टेबल रोवेनाला हळूच सांगत होता, पण मला ऐकू आलं — अंगावर नेच्याची पानं ओढून घेतली होती त्याने. जवळच्या दगडावर चाकूने रेघा होत्या. दोन दिवस तरी काढले असतील, कदाचित तीन.

बॅग मीच खाली आणून दिली. कॉन्स्टेबलने जबाब घेतला, आणखी एकदा येईन म्हणाला. पाळक आले. त्यांना कोणी काय सांगितलं कोण जाणे. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “पाखराच्या तोंडून देवाने तुम्हाला वाट दाखवली! मिसेस हॅकेट, यापेक्षा मोठा धडा तो कोणता? लिहायलाच हवं तुम्ही.” डेस बाहेर जाऊन थुंकला.

संध्याकाळी रोवेना माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, “रागात चुकतं माणूस, आई. एकदा चुकतं. मी नाही धरून बसणार.” आणि डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

जिप मागच्या फाटकाशी बसला नाही. नकल्याही गायला नाही.

बुधवार, ४ जुलै

एकदा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही कू-ई आली होती. तीनदा. घोगरी, बारीक. तिसऱ्या दिवशीही. मी ओसरीवरच होते. दोन्ही वेळा स्वतःला म्हटलं, नकल्या असेल. आणि आत जाऊन दार लावलं.

रोवेना परसात जिपला खायला घालते आहे. आता तिला हाक मारते.