नानखटाईचे चार दिवस

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार
खुशी आणि नयन आले. आठ महिन्यांनी! समीक्षा आर्णीहून नेरच्या स्टँडपर्यंत आली, घरी नाही. पिशवी माझ्या हातात दिली. "मामाजी, रविवारपर्यंत ठेवा. पण ते तिथं आले नाही पाहिजेत."
ते म्हणजे गोपाल. माझा पोरगा, तिचा नवरा, या लेकरांचा बाप. सणाचे दिवस अन् बापानं पोरांना भेटायचं नाही. ऐट आहे बाईची. भांडून माहेरी बसली आणि आता पोरांसाठी कोर्टात गेली. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१६ ऑक्टोबर
पोरं दबकून बसतात. टीव्ही लावून दिला तर आवाज कमी केला.
खुशी आठ वर्षांची झाली. तिनं विचारलं, "आजी नानखटाई करायची, तशी तुमाले येते का आबाजी?"
तीस वर्षं एस.टी. चालवली. बायको, तानाबाई, होती तोवर स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच गेलो. म्हटलं, "येते."
मग अफरोजच्या बेकरीत गेलो. दिवाळीआधी बायका त्याच्या भट्टीवर नानखटाई भाजून नेतात. तो हसला नाही. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप — सगळं कागदावर लिहून दिलं. "काका, तूप-साखर हात दुखेपर्यंत फेटा. अन् पाणी अजिबात टाकू नका." पत्र्याचे दोन ट्रेही दिले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
सकाळी परातीत तूप फेटलं. नयन मांडी घालून समोर. नाक मैद्यानं पांढरं. पाच वर्षांचा आहे, पण गोल करायला तयारच नाही. त्यानं बस केली, टुटीफ्रुटीचे दिवे लावले. "आबाजी, ही तुमची नेर-यवतमाळ." खुशीनं मांजर केली, चारोळीचे डोळे. मला गोल सोडून काही जमेना. खुशी म्हणे, "तुमची सगळी टायरं झाली." पोरगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा.
एक ट्रे भरला. नयन उठला आणि त्याचं कोपर लागलं. ट्रे फरशीवर. केवढा आवाज झाला! माझ्या तोंडून "अरे!" निघालं. तेवढंच.
खुशीनं नयनला दाराच्या मागं ढकललं. स्वतः समोर उभी राहिली. डोळे मिटले आणि तळहात पुढे केला.
"मी पाडलं. त्यानं नाही पाडलं."
मी पाहत राहिलो. हात तसाच पुढे. 
मी खाली फरशीवर बसलो. म्हटलं, "बाई, हात खाली घे. इथं कोणी मारत नाही." तिनं एक डोळा उघडला.
हळूच विचारलं, कोण मारते.
"पप्पा. सकाळी नाही मारत. ड्यूटीवरून आल्यावर." मग म्हणाली, "आमाले कमी. मम्मीले जास्त."
मागल्या वर्षी समीक्षाच्या हाताला प्लास्टर होतं. न्हाणीत पडली, असं गोपालनं सांगितलं. मी मान डोलावली. ती तेव्हा माझ्याकडे पाहत होती.
आम्ही तिघांनी फरशी पुसली. उरलेल्या पिठाच्या परत बसा अन् मांजरी केल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गोपाल लहान होता तेव्हा मी त्याला पट्ट्यानं मारायचो. हे वाक्य लिहून खोडलं होतं. परत लिहिलं.

१८ ऑक्टोबर
भट्टीवर गेलो. अफरोजनं नयनला स्टुलावर उभं करून लांबूनच ट्रे आत जाताना दाखवला. बस फुगून ट्रकएवढी झाली. मांजरीचा एक कान गेला. पोरांनी गरमच खाल्ली, जीभ पोळली.

१९ ऑक्टोबर, रविवार
स्टँडवर समीक्षाला डबा दिला. बोलायचं ठरवून गेलतो. बस लागली, जमलं नाही. नयन खिडकीतून हात हलवत होता.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
गोपालचा फोन. "बाबा, अकरा तारखेला यवतमाळला कोर्टात या. एकच वाक्य म्हणा, माझ्या पोरानं कधी हात उचलला नाही."
गोपालच्या वकिलापाशी हे मी दोन महिन्यांआधीच बोललो होतो. खरं आहे असं समजूनच बोललो होतो.
म्हटलं, "पोरीनं माझ्यापुढं हात धरला, गोपाल. मारा म्हणून."
तो म्हणाला, "तिले मायनं शिकवलं."
"नाही रे. असं शिकवता येत नाही."
मग म्हणाला, "तुम्ही काय कमी मारलं मले?"
फोन त्यानंच ठेवला.

११ नोव्हेंबर, यवतमाळ
कोर्टात परातीपासून प्लास्टरपर्यंत सगळं सांगितलं. पट्ट्याचंही सांगितलं.
बाहेर बाकावर समीक्षा शेजारी येऊन बसली.  गोपाल पायऱ्या उतरत होता. मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.