कोंबडीचा प्रसंग कापणार नाही

रनाळे,
ता. २० जानेवारी २०२५

ती. सोनीअक्कांना दगूबाईचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. कापसाची शेवटची वेचणी झाली. गुडघा दुखतो, पण चालते. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून वाचायला आणलेलं पुस्तक बाजूला ठेवून लिहायला बसले.

भटूभाऊ काल तुमचा निरोप घेऊन आले. आपल्या गल्लीतला हेमकांत मोबाईलवर अहिराणीत गमतीचे सिनेमे काढतो, त्यात मी डाकीण झाले, हे तुम्हाला तिकडे खापर गावी कळलं. तुमच्या दिपालीचं लग्न ठरलंय, तिच्या सासरी काय वाटेल, म्हणून माझं काम कापून टाकायचं.

आधी सिनेमा ऐका. भर दुपारी कपाशीत काढलाय, अंधार हेमकांत मागाहून घालतो. पांढरं लुगडं नेसून, केस सोडून मी उभी. पंखा लावला की केस माझ्याच तोंडात. भुताच्या सिनेमात दिवा विझला की लोक किंचाळतात. आमच्यात सासू म्हणते, वीज गेली, झोपा. पैंजण वाजले की नायिका एकटीच बघायला जाते ना? आमची सून सासूला, नणंदेला, शेजारणीला उठवून आणते. सगळ्या माझ्यासमोर बसून शेंगा सोलतात. मग मी म्हणते, “समदाच ईसन बसनात, आते मी एकली कोनले भिवाडू?”

भटूभाऊंनी हे माझ्या ओट्यावर बसून पाहिलं. चहा सांडेपर्यंत हसले. मग सिनेमात भगत आला आणि त्यांनी कप खाली ठेवला.

भगत दाणे टाकतो. डाकीण कोण, ते दाण्यांवरून सांगणार, एवढ्यात कोंबडी येऊन दाणे खाऊन जाते. भगत म्हणतो, उद्या या. भटूभाऊ म्हणाले, निदान एवढं तरी काप. खरा निरोप एवढाच होता, हे मला तेव्हा कळलं.

अक्का, तो प्रसंग हेमकांतचा नाही. मी सांगितलेला आहे.

यांना कावीळ झाली तेव्हा मी नंदुरबारला दवाखान्यात नेऊ म्हणत होते. तुम्ही भगताला बोलावलंत. त्यानं दाणे टाकले, मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. मयताला जमलेल्या बायांसमोर तुम्ही म्हणालात, “हाईनीच मन्हा भाऊले खाई टाकं.” तेव्हापासून मी समोरून आले की बाया लेकरं पदराआड घेतात. त्या दिवशी अंगणात एखादी कोंबडी हवी होती.

इतकी वर्षं मी बोलले नाही. परवा पांढऱ्या लुगड्यात उभी होते, तर तीच लेकरं माझे केस ओढून बघत होती, खरे आहेत का म्हणून.

काहीही कापणार नाही. रविवारी मारुतीच्या पारासमोर पडदा लागेल. या. दिपालीला आणा, तिच्या सासरच्यांनाही आणा. त्यांनी विचारलं तर सांगा, ही नवरीची मामी. तुम्हाला जड गेलं तर मी सांगेन. लग्नात मामाकडची साडी मीच आणणार आहे, आणि मांडवाच्या पुढच्या बाजूनं येणार आहे.

तुमचा भाऊ गेला, तसा माझा नवराही गेला. मला रोज आठवतो. तुम्ही मला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, सही मी नात्यानंच करते.

ईश्वरची बायको,
दगूबाई