चढावरचं चित्र

आप्पा, काल मी मायला औरंगाबादहून घरी आणलं. ती आत भाकरी थापत गाणं म्हणतेय आणि मी ओसरीवर बसून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा आपण ओवा आणि गरम पाणी देत बसलो होतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच डोक्यावर भारा घेऊन येताना माय बांधावर छाती धरून बसली, तेव्हा मी तिला तडक परभणीला नेलं. तिथं तिच्या हृदयाचा आलेख काढला, तो साफ निघाला. तरी मला झोप लागेना.

औरंगाबादच्या डॉक्टरांना मी विचारलं, सगळ्यांत खात्रीची तपासणी कोणती? ते म्हणाले, "मांडीतून नळी घालून, रंग सोडून फोटो काढले की नस कुठं अरुंद झालीय ते दिसतं. पण त्यात थोडा धोका असतो, आणि मुंबई गाठावी लागेल. इथल्या यंत्रावर हृदय हलताना दिसतं, आत काही घालावं लागत नाही. मात्र आरामात पडलेल्या माणसाचं हृदय बहुधा चांगलंच दिसतं. म्हणून आधी चालवायचं आणि धाप लागली की लगेच बघायचं. रक्त कमी पडत असेल तर तेवढा भाग मंद हलतो. तसं दिसलं तर मग नळी."

मला ताडकळसचा बाजार आठवला. मी एका लाल कंधारी बैलाची वाहवा करतोय आणि तुम्ही चारचौघांत मला खडसावताय, "उभा बैल समद्यांचाच चांगला असतोय. दात बघ, पर जुंपल्याबिगर बोलू नको. चढाला घाल, मग कळतंय." तेव्हा माझे कान लाल झाले होते. आता त्याच बोलण्यानं धीर आला. "चालवा," मी म्हणालो.

माय लुगडं खोचून फिरत्या पट्ट्यावर चढली. "बाई, ह्यो रस्ता कुठं जातोय?"

सिस्टर म्हणाली, "कुठंच न्हाई, मावशी."

"मग चालायलेय कशाला मी?"

डॉक्टरसुद्धा हसले. मग पट्ट्याचा चढ वाढला. मायला धाप लागली, कपाळावर घाम आला. मी शेजारी उभा, आणि माझेच पाय जागच्या जागी उचलतायत. सिस्टर म्हणाली, "दादा, तुमची तपासणी न्हाई आज."

चालणं थांबताच मायला आडवं करून यंत्र लावलं. पडद्यावर तिचं हृदय उड्या मारत होतं. डॉक्टरांनी यंत्र तिच्या छातीवर इकडून तिकडून फिरवलं. मग म्हणाले, "सगळा भाग जोरात हलतोय. नळीची गरज दिसत नाही." मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले.

येताना एस.टी.त माय जिलेबी खात होती. मधेच थांबून म्हणाली, "चढ लागला तवा त्येंचा आवाज आला रं. बैलाला म्हणायचे तसा. आलंच राजा, घर आलंच." तिचा चेहरा असा उजळला होता, की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, मायला तर मुळीच वाचून दाखवायचं नाही. आप्पा, तो आवाज माझा होता.