सहाच्या आत जन्मलेल्या मुली

१२ फेब्रुवारी २००३
दिवाळीपासून ही वही उघडलेली नाही. वहीची माफी मागावी असं वाटतंय. कारण द्यायला काही नाही, नुसता आळस.
नवीन कॉम्प्युटर आला. जुन्याची हार्डडिस्क खडखडायला लागली आहे, म्हणून माझे घरगुती प्रोग्रॅम एकेक करून हलवतेय. सिलिंडर किती दिवस पुरेल तो. तिथीवरून वाढदिवस काढणारा. लोडशेडिंगचा (बिनचूक चालतो, वीजवाले त्याप्रमाणे वागत नाहीत एवढंच). आणि पत्रिकेचा, ९६ सालचा.
हे म्हणाले, "सिलिंडर संपला की शेगडी सांगतेच की." मी पुढचा प्रोग्रॅम हलवला.

१४ फेब्रु.
ऑफिसात जोशीबाईंनी नातवाची जन्मवेळ दिली. दवाखान्यात, रात्री २:१०. हौसेने काढून दिलं. त्यांच्या भटजींनी सांगितलेलं नक्षत्र माझ्यापेक्षा एक मागचं.
जोशीबाई: "भटजींचं वय झालं हो. तुमचं मशीन बरोबर असणार."
मी मान हलवली. का हलवली? तपासलं कुठे होतं?

१५ फेब्रु.
पंचांग आणून पाहिलं. भटजी बरोबर.
दुपारभर प्रोग्रॅमच्या ओळी वाचल्या. सापडली. वेळ सकाळी सहाच्या आत असेल तर तारीख एकने पुढे घ्यायची. मीच लिहिलेली, आणि विचार करून लिहिलेली. आई माझ्याबद्दल सांगायची, सुमन सोमवारी रात्री तीनला झाली. कॅलेंडरात तो मंगळवार. घरी बाळंतपण झालेल्या बायका अशाच सांगतात, उजाडेपर्यंत वार बदलत नाही. तेव्हा माझी वेळ घालून बघितली, दादाची बघितली. दोन्ही आईने सांगितलेल्या नक्षत्रांशी जुळल्या. खूश झाले आणि थांबले.
पण दवाखान्याच्या दाखल्यावर तारीख रात्री बारालाच बदललेली असते. त्यात मी आणखी एक दिवस घातला. चंद्र एक नक्षत्र पुढे गेला.
इतकी साधी गोष्ट. सात वर्षं.
संध्याकाळी भाकरी थापताना हात थांबला. वैशाली. दादाची मुलगी. दवाखान्यात झाली. पहाटे साडेतीन.

१६ फेब्रु.
वै.च्या कागदाची माझ्याकडची प्रत काढली. त्या प्रिंटरला मराठी येत नव्हतं. तो फक्त आकडा छापायचा, नक्षत्राचं नाव शेजारी मी शाईने लिहायचे. ९. पुढे माझ्या अक्षरात, आश्लेषा.
ओळ दुरुस्त करून चालवला. ८. पुष्य.
परत चालवला. परत ८.
आश्लेषाची मुलगी सासूच्या जिवावर येते म्हणतात. पुष्य कोणीही आनंदाने घेतं. दादाच्या मळ्यात पत्रिका करायची पद्धत नव्हती, माझा कागद हीच तिची पत्रिका. वर 'संगणकीय' लिहिलं होतं, भोवती चांदण्यांची चौकट. निफाडच्या स्थळाची माणसं सुपारी फोडायचा दिवस ठरवून गेली आणि मग निरोप, "मुलगी लाखात एक आहे, पण आमच्या आईची तब्येत..." पुढची स्थळं तर चहालाही थांबेनात. वहिनीने नक्षत्राची शांत केली. त्या शांतीचं मी जेवून आले.
वै. आता सत्तावीस. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत शिकवते. जागा मागून घेतली तिने. तेव्हा मला वाटलं होतं, डोंगर आवडतात पोरीला.

१९ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. "तुझा नक्षत्रावर विश्वास नाही ना? मग खरं काय नि खोटं काय, सारखंच."
पटलं असतं तर सुटले असते. माझा नव्हता, पण निफाडकरांचा होता, आणि त्यांच्या हातात कागद माझा होता.

२३ फेब्रु.
मखमलाबादला दादाच्या मळ्यात गेले. दादा गुलाबाच्या जुड्या बांधत होता. सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटत होतं, मी तयारीने गेले होते. त्याने कात्री खाली ठेवली.
"सुमे, म्हंजी पोरगी पुष्याची हाय?"
"हो."
अर्धवट जुडी बाजूला सारली. मग, "नवा कागद दे. पण तारीख मागचीच टाक. शहाण्णवची."
"दादा, अरे—"
"आजची तारीख बघून लोक काय म्हनतील? पोरगी उजवंना, म्हनून आत्यानं नक्षत्र बदललं. लय शिकलेली ना तू? येवढं कळत नाय?"
कळत होतं. त्यानेच हादरले. खरं नक्षत्र कोणाला खरं वाटायचं तर त्यावर खोटी तारीख हवी.
वहिनी एवढंच म्हणाली, "सात वर्सं उपास धरले, वन्सं." रागाने नाही. त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.
कागद दिला नाही. देणार नाही असंही म्हटलं नाही. भित्री.

१ मार्च
शिवरात्रीची सुट्टी. वै.ला आधी माझ्याकडे ये म्हणून निरोप होता. जीपच्या धुळीने केस पांढरे. रताळ्याचा कीस खाल्ला, शाळेतल्या गमती सांगितल्या. मग मी दोन्ही कागद पुढे ठेवले आणि बोलले.
तिने आश्लेषावर बोट ठेवलं. "हे तुझं अक्षर ना, आत्या?"
"हो."
"तुझा विश्वास होता यावर?"
"कधीच नाही गं."
"मग लिहिलंस कशाला?"
हौस, म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मलाच किळस आली. चंद्राचं गणित जमलं याची हौस. बाईमाणसाने घरी बसून केलंय म्हणावं लोकांनी, याची.
ती ओरडली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "शाळेत स्वयंपाकाला एक मावशी आहेत. त्यांचा मुलगा तिथेच मास्तर आहे. मला विचारलं होतं त्याने, मागच्या वर्षी. त्याच आठवड्यात मावशी आजारी पडल्या. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं." मग, "एम. ए. झालेय मी, आत्या. एम. ए. होऊन मला वाटलं, माझ्यामुळे पडल्या."
मी विचारलं, "आणि आता तो...?"
ती उठली. चप्पल घालताना जुना कागद पर्समध्ये टाकला. नवा टेबलावर तसाच.
कीस उरलाय. कोणी खाल्ला नाही.

२ मार्च
पत्रिकांची जुनी फाइल उघडली. दवाखान्यात आणि सहाच्या आत झालेल्या, वै. धरून, अकरा मुली. मुलगेही आहेत. पण त्यांच्या नक्षत्रावरून कोणाच्या आईला धाप लागल्याचं ऐकलं नाही. एक मुलगी विंचूरला दिली आहे एवढं माहीत. बाकीच्यांचं काय झालं, मी कधी विचारलंच नव्हतं.

४ मार्च
रविवारी समाजाच्या मंडळाचा वधू-वर मेळावा. सचिवांना भेटले. "पाच मिनिटं देतो, ताई. संगणकाविषयी चार चांगले शब्द बोला." काय बोलणार ते सांगितल्यावरही नाही म्हणाले नाहीत.
दादाला कळलंच. फोनवर, "माईकवर माझ्या पोरीचं नाव घेतलं, तर या घरी येऊ नको." वहिनीने मागून काहीतरी म्हटलं, ऐकू आलं नाही.
चूक झाली असं नुसतं म्हटलं तर लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन तेच जुने कागद उघडतील. एका तरी मुलीचं सांगायला हवं. दहाजणींचं सांगायचा मला हक्क नाही. अकरावीचा आहे का? आत्या आहे म्हणून? की मन माझं हलकं होणार आणि नाव पुन्हा तिचंच चघळलं जाणार? तिकडे त्या मावशींच्या कानावर आश्लेषाचं पहिल्यांदाच जायचं. ठरत नाही. आणि हे ठरवणारी मी कोण?
उद्या: रजा टाकून सुरगाण्याची पहिली जीप. वै.ला विचारणे, तुझं नाव घेऊ का.