बॉल्स ब्लफ: पावणेचार तास

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळचे साडेसात, पार्किंगमध्ये

नेत्रा नदीवरून परत आलेली नाही. तिची गाडी इथेच उभी आहे. तिची वल्ह्याची छोटी होडी, कायाक, बांधायचे पट्टे मागच्या सीटवर टाकलेत. लिहितेय, नाहीतर मी किंचाळेन.

सकाळी नऊला निघाली. "आई, एकपर्यंत येते. चकल्या मी पाडणार हं, तू स्टार्ट करू नकोस!" धनत्रयोदशी आज. इथे लीसबर्गला बॉल्स ब्लफचा कडा आहे, खाली पोटोमॅक. १८६१ च्या अमेरिकन यादवीतली एक छोटीशी लढाई इथे झाली, शेजारच्या गोऱ्यांनाही धड माहीत नसलेली. आमची पोरगी वर्षभर सुटीच्या दिवशी लोकांना तीच समजावून सांगते. येत्या मंगळवारी लढाईचा दिवस, तिची पहिली स्वतंत्र टूर. त्याआधी तिला तो कडा पाण्यातून बघायचा होता. एकटीने! मी नको म्हटलं का? नाही. मी भाजणी चाळत बसले होते.

आता खरं ते लिही, सुचित्रा.

आम्ही तीन वाजता इथे पोचलो. गाडी दिसली, ती नाही. मी फोन काढला. उल्हास म्हणाला, "नाइन-वन-वन नको गं लगेच. तिची केस पेंडिंग आहे. पोलीस रिपोर्टमध्ये नाव आलं तर?" मार्चमध्ये ती एकवीसची होईल, आमच्या व्हिसावरून तिचं नाव निघेल. स्टुडंट व्हिसाचा अर्ज नुकताच टाकलाय. आम्ही अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. आणि मी फोन पर्समध्ये ठेवला! नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही. मलाही तेच वाटलं.

मग काय केलं? वकिलाला ईमेल. पोरगी पाण्यात आणि आम्ही 'काइंडली अ‍ॅडव्हाइज'! काठाकाठाने हाका मारत फिरलो. साडेसहाला उजेडही गेला. शेवटी मैत्रिणीला, शुभाला फोन लावला, तर ती ओरडलीच, "अगं मूर्ख बाई, मला काय कॉल करतेस? पोलिसांना कर!"

मग नाइन-वन-वन लावला, तेव्हा पावणेसात वाजले होते. पावणेचार तास.

आता बोट आलीय. दिवा फिरवत वरच्या अंगाला गेली. तिच्या नावाने हाका मारताहेत, उच्चार चुकतोय.

१९ ऑक्टोबर, रविवार

कायाक सापडली. चार मैल खाली, उलटी. रिकामी.

सगळा शोध आता खालच्या बाजूला हलवलाय. ड्रोन, कुत्री, पाणबुडे. पाणबुडे कशाला ते मला कळतं, कोणी सांगत नाही.

शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या माणसाने विचारलं, तुम्ही इथे किती वाजता आलात? उल्हास म्हणाला, "सिक्स थर्टी." सरळ खोटं! माझा हा माणूस ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणत नाही. मी म्हटलं, "नो. थ्री. वी केम अ‍ॅट थ्री." त्या माणसाने नुसतं लिहून घेतलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. उल्हास गाडीत जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेले नाही.

शुभाने डबा आणला. तिने भरवलं, मी गिळलं. काय होतं आठवत नाही.

रविवार, दुपारी

वकिलाचं उत्तर कालच आलं होतं, आत्ता पाहिलं. आपोआप जाणारं. ऑफिस सोमवारी नऊला उघडेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

घरी अंघोळीला पाठवलं मला. अंघोळ कसली! तिच्या टेबलावरची टूरच्या टिपणांची वही उचलली आणि तिच्या पलंगावर वाचत बसले. सगळ्यांनी म्हटलं होतं, ये एकदा टूरला. दर वेळी माझी ड्यूटी. डेटा सेंटर माझ्यावाचून बंद पडणार होतं ना!

लढाई सुरूच झाली म्हणे चुकीने. आदल्या रात्री उत्तरेकडच्या टेहळ्यांनी चांदण्यात झाडांची रांग पाहिली आणि शत्रूचे तंबू समजून परत फिरले. म्हणून फौज नदी ओलांडून कड्यावर चढली. दिवस मावळेपर्यंत शत्रूने रेटत रेटत त्यांना कड्याच्या टोकाशी आणलं. मागे नदी, बोटी मोजक्याच. एक तर माणसांच्या भाराने बुडाली. बरेच जण पोहता न येणारे. प्रेतं वाहत वाहत वॉशिंग्टनपर्यंत गेली.

इथे वही मिटली. झाडांना तंबू समजले ते. आणि आम्ही? आम्हाला नदीची भीती वाटायला हवी होती, ती पोलिसांची वाटली.

देवासमोर बसवेना. पुन्हा वही उघडली. पुढच्या पानावर नुसतं एवढंच होतं: 'ते बेटावरून निघाले. तिथे उभं राहून बघायलाच हवं.'

बेट! कड्यासमोरच नदीत लांबट बेट आहे. आणि सगळे चार मैल खाली शोधताहेत!

गाडी कशी चालवली माहीत नाही. शेरीफचा माणूस शांतपणे म्हणाला, मॅम, बेट शनिवारी संध्याकाळीच बघितलं. दिवा मारला, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा. तो समजवायला लागला. तेवढ्यात मागून उल्हास ओरडला, "चेक इट अगेन! प्लीज! आय लाइड टू यू, शी डिडन्ट!" पंचवीस वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी त्याचा हात धरला.

बोट गेलीय.

सोमवार, साडेतीन

जिवंत! जिवंत आहे! बेटाच्या खालच्या टोकाला, अडकलेल्या ओंडक्यांच्या मागे. पाय मोडलाय, ताप आहे, ओठ काळेनिळे. पण आहे. आहे!

२१ ऑक्टोबर, मंगळवार. हॉस्पिटल

आज ती नीट बोलली. बेटावर उतरताना घसरली, पाय मोडला, फोनसकट कायाक वाहून गेली. मी विचारलं, शनिवारी संध्याकाळी बोट आली होती, तुला हाका नाही का गं ऐकू आल्या?

"आल्या ना. बोटीवर शेरीफ लिहिलेलं दिसलं. अँड द आयलंड इज प्रायव्हेट, आई. मी ट्रेसपास केलं होतं. म्हणून लाइट यायला लागला तशी सरपटत लॉगच्या मागे गेले. मला वाटलं, आपलं नाव कुठे यायला नको."