किनेरेतच्या वाटेवर बाबा गायले

जेरुसलेम,
उन्हाळ्याच्या तोंडाशी

प्रिय एल्काना,

हे पत्र आमच्या मसूदची भाची (तो कोण ते पुढे सांगते) तुझ्या बेकरीत स्वतः आणून देईल. तुझ्या लिस्बनला शिकायला चाललीय पोर, तिला काहीतरी गोड खायला घाल. ती गेली की दुकानात गर्दी नसताना निवांत वाच. फोनवर मी बाबांचा विषय काढला की तू 'आई, भट्टी पेटलीय' म्हणतोस, आणि मग आपण हवापाण्याच्या गप्पा मारत बसतो. पत्राला तसं मधेच तोडता येत नाही.

हिवाळ्यात बाबा पडले, एवढंच मी तुला सांगितलं होतं. पुढचं तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पायऱ्यांवरून घसरून नव्हे रे, डोक्यात रक्ताची गुठळी होऊन पडले. उजवा हात लुळा झाला आणि बोलणं गेलं. ज्या माणसाने गल्लीतल्या निम्म्या पोरांना अक्षरं शिकवली, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत कुणाचा एक उच्चार चुकला तर मागच्या बाकावरून खाकरून दुरुस्त केला, त्या माणसाच्या तोंडी एकच शब्द उरला. उद्या. चहा हवा का? उद्या. दुखतंय का? उद्या. डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हाही उद्या. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्दांपर्यंत पोचायचा रस्ता खचलाय.

तुला आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मदत मंडळ आठवत असेल. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रं मागायला लोक तिथे रांगेत उभे असायचे. दर वर्षी सणाला मी तिथे मधाचा केक पाठवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, देवा, देणाऱ्यांतच ठेव रे बाबा. तुझे बाबा तर याबाबतीत माझ्याही वरचढ. मंडळातून ओडेलिया पहिल्यांदा घरी आली, ती बोलणं शिकवणारी मुलगी, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला लाजल्यासारखं झालं. ती मात्र हसली, म्हणाली, “काकू, मला सवय आहे. माझ्याशी पहिल्या दिवशी गोड वागणारा पेशंट मला अजून भेटायचाय.” दर आठवड्याला येत राहिली. तिच्यामागोमाग गरम सूप आलं, उठता-बसता धरायला दांडा आला, आणि फिजिओथेरपीला न्यायला गाडी घेऊन मसूद आला.

या मसूदबद्दल तुला सांगायलाच हवं. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त होऊन मंडळाची गाडी फुकट चालवतो. घरचे मोरोक्कोकडचे, आवाज दणदणीत, पोट त्याहून मोठं. बाबांना तो गुरुजी म्हणतो आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी भांडतो. “गुरुजी, तुमच्या युरोपाकडच्या चाली म्हणजे बर्फात कुडकुडणाऱ्या माणसाने दात वाजवत म्हटलेल्या!” असं म्हणून स्वतःच्या चालीत गात सुटतो. बाबा रागाने लालबुंद होतात आणि तोंडातून येतं उद्या. त्यावर हा म्हणतो, “बरं, उद्या भांडू. मी कुठे पळून जातोय?” इतर लोक बाबांसमोर हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. मसूद एकटाच त्यांच्याशी माणसासारखा भांडायचा.

गेल्या महिन्यात मंडळाने आजारी माणसांची सहल किनेरेत सरोवरावर नेली. बाबा यायला तयार नव्हते, मसूदने अक्षरशः उचलून गाडीत घातलं. जॉर्डनच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा उन्हाची धग एवढी होती की डोंगर पाण्यात पाहावेत तसे हलत होते. खजुरांच्या रांगा मागे सरकत होत्या, गाडीतले निम्मे लोक पेंगत होते. मलाही डुलकी लागली असावी, कारण पुढचं मी झोपेतच ऐकलं असं कितीतरी वेळ वाटत होतं. मसूदने शनिवारी शब्बाथच्या जेवणानंतर म्हणतात ते गाणं धरलं होतं, त्याच्या चालीत. एका ओळीत त्याने दोन शब्द गाळले आणि तिसरा भलताच घुसडला. आणि मागून दुसरा आवाज आला, खरखरीत, हळू. ती ओळ त्या आवाजाने नीट म्हटली, आपल्या चालीत, अक्षर न् अक्षर. मग पुढची. मी डोळे उघडले. तुझे बाबा खिडकीबाहेर बघत गात होते.

मसूदने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हा एवढा मोठा माणूस रडायला लागला आणि रडता रडता म्हणाला, “चूक काढायलाच बसला होतात ना, गुरुजी? मेलेला माणूससुद्धा माझं गाणं ऐकून उठेल, असं माझी बायको म्हणतेच!” बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा आलं उद्या. बोलताना शब्द नव्हते, एल्काना. ते फक्त सुरात होते.

पुरुषांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर त्यांना फुग्यासारख्या चाकांच्या खुर्चीत बसवून पाण्यात नेलं. मी निलगिरीच्या सावलीतून लांबून बघत होते. पाणी आणि आकाश एकाच फिकट रंगाचं झालं होतं, पलीकडचा किनारा दिसत नव्हता, आणि त्या दोन्हींच्या मधोमध तुझे बाबा पांढरा सदरा घालून तरंगत होते. वारा वळला की गाणं ऐकू यायचं, पुन्हा वळला की जायचं. लग्न ठरायच्या आधी मी सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूच्या जाळीआडून त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता आणि आईला म्हटलं होतं, चेहरा नाही पाहिला तरी चालेल. तो आवाज म्हातारा होऊन पाण्यावरून माझ्याकडे येत होता. मला कुठेही जायचं नव्हतं. ती दुपार संपूच नये असं वाटत होतं.

ओडेलियाला सांगितलं तर ती टाळी वाजवून उठली. असं होतं म्हणे, गाण्याचा रस्ता वेगळा असतो, बोलण्याचा खचला तरी तो कधी कधी शाबूत राहतो. तेव्हापासून आमच्या घरी सगळं सुरात चाललंय. ‘चष्मा कुठाय’ सुरात, ‘मीठ कमी आहे’ तर फारच सुरात. शेजारीण विचारते, रोज कसला सण आहे तुमच्याकडे? मी हसते. इतकी वर्षं आमच्या घरात एवढा आवाज नव्हता.

मग एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. बाबा पोथीवाचनाचा सूर गुणगुणत होते, नुसताच, शब्दांशिवाय. आणि त्या सुरात तुझं नाव आलं. एल्काना. त्या रात्री जेवताना तू ‘मी तुमच्यासारखा धर्म पाळून जगणार नाही’ असं मनातलं सांगितलंस, आणि त्यांनी ‘या घरात पुन्हा तुझं नाव निघणार नाही’ असं म्हटलं, तेव्हापासून ते त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग माझ्याकडे बघून, शब्द शोधत शोधत, सुरात विचारलं, तो कसा आहे? मी सगळं सांगून टाकलं. दर आठवड्याला मी मंडळाच्या चाकाच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत गुपचूप जाऊन तुला फोन करते, तू पाव भाजतोस, तुझ्या दुकानापुढे ट्राम थांबते. ते सगळं ऐकत होते. मग हळूच गायले, “मला ठाऊक होतं. दर आठवड्याला तू परत यायचीस आणि मी तुझा चेहरा बघायचो.”

आता का लिहिलं ते सांगते. त्यांच्या मानेतली एक रक्तवाहिनी बुजत चाललीय. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे, आणि डॉक्टरांनी लपवलं नाही, त्यात हा आवाजही जाऊ शकतो. त्याआधी त्यांना तुझ्याशी बोलायचंय. रोज दार लावून ओडेलियाबरोबर काहीतरी बसवतायत. काय ते मला सांगत नाहीत, मीही कान लावत नाही. हे पत्र मिळाल्यानंतरच्या रविवारी दुपारी फोन वाजेल. कुणी नमस्कार म्हणणार नाही, थेट गाणं सुरू होईल. मधे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तर फोन ठेवू नकोस, ते शब्द शोधत असतील. उत्तर द्यायला हवंच असं नाही. माफ कर असंही मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. फक्त फोन उचल, बाळा, आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत कानाशी धरून ठेव.

तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई